आधी ओळख, मग माउंट
(प्रस्तावना)

क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या लिनक्स सर्व्हरला वेगळी डिस्क जोडायची आणि ती वापरण्याजोगी करायची. मग सर्व्हर कितीही वेळा बंद होऊन उठला तरी ती डिस्क कुणी हात न लावता आपल्या जागी हजर राहील अशी व्यवस्था लावायची. एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. काम पाच-सहा कमांडचे. त्यासाठी पुस्तक कशाला, असे कुणाला वाटेल. सर्व्हरवरची बहुतेक कामे चुकली तर पुन्हा करता येतात. प्रोग्रॅम चुकीचा बसला तर काढून पुन्हा बसवता येतो, सेटिंग बिघडले तर जुने परत आणता येते. भलत्याच डिस्कवर फॉरमॅट मारला तर मात्र तिथे जे होते ते गेले. आणि हे काम स्क्रिप्टच्या हाती दिले की चूकही स्क्रिप्टच्याच वेगाने होते. म्हणून या पुस्तकात झटपट कामे उरकण्याविषयी थोडे आहे आणि खात्री करून घेण्याविषयी पुष्कळ आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर जो वाचक होता तो पेडणे आणि डिचोली तालुक्यांतला. हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेले. इथे देवस्थानचे दप्तर, कीर्तन, दशावतार, गावची शाळा या सगळ्यांत मराठी मुरलेली आहे. इथली बरीचशी मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. पुढे पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आयटीआयमध्ये, मयेच्या सरकारी तंत्रनिकेतनात किंवा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पोहोचतात. तिथे कमांड पाठ होतात. त्या कमांडमागे यंत्र नेमके काय करते हे ज्या भाषेत मनाशी बोलून पाहता येते, ती भाषा मात्र वर्गाबाहेरच राहते. ही उणीव मला फार दिवस खुपत आली आहे.

हे पुस्तक लिहिण्याचे दुसरेही कारण आहे. 2012 साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्या पुन्हा थांबल्या. डिचोलीत ज्या घरांचे पोट ट्रकवर आणि बार्जवर होते, त्या घरांतल्या मुलांना दुसरी कामे शोधावी लागली. पेडण्यात मोपाच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली, आणि मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर हॉटेले तर आधीपासूनच होती. हॉटेलचे बुकिंग, पतसंस्थेचे खाते, शाळेचे निकाल, छापखान्याच्या फायली, देवस्थानच्या उत्सवांचे फोटो, हे सगळे आता कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर राहते. मोठ्या कंपनीत डिस्क सांभाळणारा वेगळा, नेटवर्क सांभाळणारा वेगळा. इथे सगळे मिळून एकच माणूस असतो, आणि तोही संध्याकाळी दुसरे काम करणारा. रात्री दोन वाजता सर्व्हर रीबूट झाला तर डिस्क जोडायला कुणी जागे नसते. ज्या कामाला राखणदार नाही ते आपोआप व्हायलाच हवे.

मुळात वेगळी डिस्क लागतेच का? सर्व्हरबरोबर एक डिस्क येतेच, पण ती लहान असते. ॲमेझॉनच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर 8 जीबीची, गुगलवर 10 जीबीची, मायक्रोसॉफ्टच्या ॲझूरवर साधारण 30 जीबीची. ऑपरेटिंग सिस्टिम त्यात मावते. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, म्हणजे 1832 साली सुरू झालेल्या आणि आज कृष्णदास शामा यांचे नाव असलेल्या ग्रंथालयात, जुन्या वृत्तपत्रांच्या फायली आहेत. तशा फायली कुणी स्कॅन करायला घेतल्या असे धरू. दैनिकाचे मोठे पान साधारण 15 इंच रुंद आणि 22 इंच उंच. इंचाला 300 ठिपके या हिशेबाने ते 4500 गुणिले 6600, म्हणजे जवळजवळ तीन कोटी ठिपक्यांचे होते. करड्या रंगछटांत प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, म्हणजे न दाबलेले एक पान 30 एमबीचे. आठ पानांचा अंक 240 एमबी, वर्षाचे 360 अंक 86 जीबी. ‘गोमन्तक’ 1962 सालच्या मार्चमध्ये सुरू झाला. त्या वयाच्या दैनिकाची साठ वर्षे धरली आणि पाने आठच मानली, तरी पाच टीबीच्या पुढे जाते. हे सर्व्हरच्या मूळ डिस्कवर ठेवायचा विचारही करता येत नाही.

जागेपेक्षा मला मोठी वाटते ती दुसरी सोय. डेटा वेगळ्या डिस्कवर असला की सर्व्हर मोडीत काढता येतो. जुना सर्व्हर बंद करा, नवा उभा करा, डिस्क तिथून सोडवून इथे जोडा, काम पुढे चालू. मात्र ॲमेझॉनवर डिस्क आणि सर्व्हर एकाच झोनमध्ये असावे लागतात. 2016 साली मुंबईत त्यांचे केंद्र सुरू झाले. त्या एकाच मुंबईतही वेगवेगळे झोन आहेत, आणि एका झोनमधली डिस्क दुसऱ्या झोनमधल्या सर्व्हरला लागत नाही. स्नॅपशॉट काढून त्यावरून नवी डिस्क त्या झोनमध्ये करावी लागते. आणि सर्व्हर बंद ठेवला किंवा डिस्क सोडवून ठेवली तरी डिस्कचे भाडे चालूच राहते. विसरलेल्या डिस्का महिनोन्‌महिने बिल वाढवत राहतात. पतसंस्थेला किंवा शाळेला ते परवडणारे नसते, म्हणून अशा डिस्का शोधून काढण्याच्या कमांडला पुस्तकात वेगळी जागा दिली आहे.

हे सगळे वेबपानावर माउसने करता येते, मग टर्मिनल कशाला? हसापूर, हणखणे, इब्रामपूर किंवा इकडे लाटंबार्से, मेणकुरे, साळ या गावांत जून-जुलैत काम करून पाहा. पाऊस लागला, माडाचे चुडत वीजवाहिनीवर पडले, लाइट गेली, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एखादीच कांडी रेंज उरली. क्लाउडचे भरगच्च वेबपान अशा वेळी अर्धे उघडते आणि तिथेच थांबते. एसएसएचच्या जोडणीवरून मात्र नुसती अक्षरे ये-जा करतात, त्यांना फारच थोडी रेंज पुरते. जोडणी मध्येच तुटली तर चालू कमांडही तिच्याबरोबर मरू शकते. म्हणून टीमक्स चालवून त्याच्या आत काम करायचे. जोडणी तुटते, पण काम सर्व्हरवर चालू राहते आणि रेंज आल्यावर तिथूनच पुढे धरता येते. शिवाय माउसने केलेले काम नंतर दाखवता येत नाही. टर्मिनलमधले काम फाइलमध्ये लिहून ठेवता येते, दुसऱ्याला वाचायला देता येते, आणि त्याने काढलेली चूक चालवण्याआधीच दुरुस्त करता येते.

पुढच्या प्रकरणांत सगळ्या कमांड त्यांच्या मूळ रूपात छापल्या आहेत. इथे मी त्यांची नावे उच्चाराप्रमाणे घेतो.

माउंट ही युनिक्सइतकीच जुनी कमांड आहे. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभे केले. 1971 साली त्याची पहिली पुस्तिका निघाली, तिच्यातही ही कमांड आहे. विंडोजमध्ये नवी डिस्क आली की तिला डी किंवा ई असे वेगळे अक्षर मिळते. युनिक्समध्ये फोल्डरांचा एकच वृक्ष असतो, आणि नवी डिस्क त्याच वृक्षातल्या एखाद्या फोल्डरवर येऊन बसते. वरून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ती वेगळी आहे हे जाणवतही नाही. त्या सुमारास डीईसी कंपनीची आरके05 ही डिस्क प्रसिद्ध होती. अडीच एमबीची चकती एका पेटीत असे आणि ती पेटी माणूस हाताने यंत्रात सरकवी. कुठली पेटी लावली हे लावणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असे, पेटीवर चिठ्ठी असे. क्लाउडवर हे पाहणेच उरलेले नाही. डिस्क कुठल्या इमारतीत, कुठल्या कपाटात आहे हे आपल्याला कधीच कळत नाही. ओळख पटवायची ती केवळ सर्व्हर जे सांगेल त्यावरून. या पुस्तकातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथून निघतात.

डिस्क जोडली की लिनक्सचा कर्नल तिला एक नाव देतो: एसडीए, मग एसडीबी, मग एसडीसी. हे नाव त्या डिस्कचे नाही, रांगेतल्या तिच्या जागेचे आहे. कर्नलला जी आधी सापडली ती पुढे. पुढच्या रीबूटला दुसरी आधी सापडली तर नावे बदलतात. ॲमेझॉनच्या नायट्रो पद्धतीच्या सर्व्हरवर तर आपण डिस्क जोडताना एसडीएफ म्हणून सांगतो आणि ती आत एनव्हीएमई-वन-एन-वन म्हणून उगवते. तिथेही दोन डिस्कांचा क्रम पुढच्या वेळी तोच राहील याची हमी नाही. ॲझूरच्या अनेक सर्व्हरवर एक तात्पुरती डिस्क आपसूक येते आणि तिच्यावरचे काही टिकेल याचा भरवसा नसतो. बऱ्याचदा एसडीबी हे नाव तीच घेऊन बसते. कुणीतरी सांगितलेली ‘एसडीबीला फॉरमॅट मार’ ही कमांड तिथे जशीच्या तशी चालवली, तर काय होईल ते सांगायला नको.

जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या गोवेकराला हे लगेच उमगेल. ‘वाटेच्या उजव्या हाताची तिसरी बाग’ असे लिहून कुणी विक्रीपत्र करत नाही. सर्वे नंबर लागतो, पोटविभाग लागतो, फॉर्म एक-चौदाचा उतारा लागतो. वाट वळवली, कुंपण सरकले तरी सर्वे नंबर त्या जमिनीलाच चिकटून असतो. डिस्कवर फॉरमॅट मारताना तिच्यातच असा एक नंबर लिहिला जातो. त्याला यूयूआयडी म्हणतात. 128 बिटांचा, म्हणजे 32 आकडे-अक्षरांचा. डिस्क कुठल्याही क्रमाने जोडा, कुठल्याही सर्व्हरला जोडा, हा नंबर बरोबर जातो. माउंटची कायमची नोंद करायची ती याच नंबराने.

पण फॉरमॅट मारण्याआधी यूयूआयडी नसतोच, आणि सगळ्यात धोक्याचे पाऊल तर फॉरमॅटचेच. म्हणजे ज्या क्षणी ओळख सर्वांत जास्त हवी त्याच क्षणी ही ओळख उपलब्ध नाही. ही फट भरून काढायला क्लाउड कंपनीने दिलेली ओळख लागते. डेव्ह या फोल्डरात, ‘डिस्क’ नावाच्या फोल्डराच्या पोटात, ‘बाय-आयडी’ नावाचा एक फोल्डर असतो. ॲमेझॉनची डिस्क असेल तर कंपनीच्या पडद्यावर दिसणारा तिचा व्हॉल्यूम-क्रमांक डिस्कच्या सीरियल नंबरात असतो आणि तोच इथे दिसतो. गुगलवर आपण जोडताना दिलेले नाव ‘गुगल’ या शब्दापुढे येते. डिजिटलओशनवर व्हॉल्यूमचे नाव येते. ॲझूरवर वेगळ्या वाटेने जावे लागते, तिथे जोडताना दिलेला लन क्रमांक धरायचा. फॉरमॅट होईपर्यंत कंपनीचा क्रमांक, झाल्यावर यूयूआयडी: ओळख एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती इथे, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथेच घालवावा असे माझे मत आहे.

लाटंबार्सेच्या घरात बसून कुणी हे काम करतो आहे असे धरू. 50 जीबीची डिस्क तयार झाली. जोडण्याची कमांड दिली आणि लगेच उत्तर आले: ‘अटॅचिंग’. जोडते आहे, जोडली असे नव्हे. घाईने लिहिलेली स्क्रिप्ट इथे थांबत नाही आणि पुढच्या ओळीला ‘अशी डिस्क नाही’ म्हणून कोसळते. ती कोसळली तर नशीब. एसडीबी नावाची दुसरी एखादी डिस्क तिथे आधीच असली तर स्क्रिप्ट तिलाच धरते. म्हणून बाय-आयडी फोल्डरात आपला क्रमांक दिसेपर्यंत सेकंदा-सेकंदाने पाहत राहायचे, आणि एका मिनिटात दिसला नाही तर काम तिथेच सोडून बाहेर पडायचे. दिसला की एल-एस-ब्लॉक चालवून आकार पाहायचा. 50 जीबी मागितली होती, समोर 50 जीबीच आहे ना? तिच्यात आधीच पार्टिशन आहेत का? ती कुठे माउंट झालेली आहे का?

मग ब्लॉक-आयडीला विचारायचे की हिच्यावर काही आहे का. इथे एक बारीक गोष्ट आहे. ब्लॉक-आयडी काही सापडले नाही की 2 हा आकडा परत करते. पुष्कळ स्क्रिप्ट 2 चा अर्थ ‘डिस्क कोरी आहे’ असा लावून फॉरमॅटकडे वळतात. पण त्या कमांडच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की डिस्कविषयी काहीच माहिती काढता आली नाही तरीही 2 च येतो. वाचायची परवानगी नसेल तरी तो आकडा तोच. म्हणजे 2 चा अर्थ ‘कळले नाही’ इतकाच. न कळणे आणि कोरे असणे यांतला फरक स्क्रिप्टला आपणच शिकवायचा असतो: डिस्क खरोखर वाचता येते का ते आधी तपासा, वाइप-एफएसला नुसते दाखवण्याच्या पर्यायाने चालवा, दोन्हीकडून कोरी दिसली तरच पुढे जा.

फॉरमॅटच्या कमांडही सारख्या वागत नाहीत. एक्सएफएस या प्रकारच्या फॉरमॅटची कमांड डिस्कवर आधीच काही दिसले तर सरळ नकार देते, जबरदस्तीचा पर्याय दिल्याशिवाय हलत नाही. ईएक्सटी4ची कमांड समोर माणूस टर्मिनलवर बसलेला असेल तर ‘पुढे जाऊ का?’ म्हणून विचारते. स्क्रिप्टमधून, टर्मिनलशिवाय चालवली तर ती हा प्रश्नच विचारत नाही आणि काम उरकते. हाताने करून पाहताना ज्या प्रश्नाने आपल्याला वाचवले, तो प्रश्न आपोआप चालताना नाहीसा झालेला असतो. स्क्रिप्टने तपासायचे ते याच्यासाठी. आणि जबरदस्तीचा पर्याय स्क्रिप्टमध्ये कुठेही दिसला तर तो काढून टाका. ‘स्क्रिप्ट अडकते म्हणून घातला’ हे कारण मला कधीच पटलेले नाही. ती अडकली होती म्हणजे तिला काहीतरी दिसले होते.

आता कायमची नोंद. ती एफएस-टॅब या फाइलमध्ये होते. एका ओळीत सहा रकाने: कुठली डिस्क, कुठल्या फोल्डरवर, कुठल्या प्रकारची, कुठल्या अटींवर, आणि शेवटी दोन आकडे, ज्यांतला पहिला आता कुणी वापरत नाही आणि दुसरा उठताना तपासणीचा क्रम सांगतो. चौथ्या रकान्यातल्या एका शब्दावर सर्व्हरचे भवितव्य ठरते, तो शब्द नोफेल. तो नसला आणि डिस्क काही कारणाने सापडली नाही, तर सर्व्हर उठवणारी सिस्टिमडी साधारण दीड मिनिट वाट पाहते आणि मग सर्व्हरला आणीबाणीच्या अवस्थेत नेते. घरच्या संगणकावर तिथे कीबोर्डवर पासवर्ड टाकून दुरुस्ती करता येते. क्लाउडवर कीबोर्ड नाही, आणि एसएसएच अजून उठलेले नाही. सर्व्हर चालू आहे, बिल चालू आहे, आत जायला दार नाही. मग सीरियल कन्सोलची खटपट करा, किंवा मूळ डिस्क सोडवून दुसऱ्या सर्व्हरला जोडून ती एक ओळ दुरुस्त करा. म्हणून ओळ लिहिल्यावर रीबूट करण्याआधी फाइंड-एमएनटीच्या व्हेरिफाय पर्यायाने ती तपासून घ्यायची, मग माउंट-ए चालवून पाहायचे. हीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालली तर तीच ओळ दुसऱ्यांदा लिहिली जाऊ नये याचीही काळजी घ्यायची. कितीदाही चालवली तरी परिणाम एकदा चालवल्यासारखाच राहिला पाहिजे. रेंज जाणाऱ्या गावात ही अट फार महत्त्वाची आहे, कारण स्क्रिप्ट पुरी झाली की मध्येच तुटली हे न कळून माणूस ती पुन्हा चालवतोच.

नोफेलने एक दार बंद होते आणि दुसरे उघडते. हे दुसरे दार बहुतेक मार्गदर्शकांत सांगितलेलेच नसते, म्हणून मी ते इथे सविस्तर सांगतो. डिस्क ज्या फोल्डरवर बसते तो फोल्डर मूळ डिस्कवरचाच असतो. डिस्क आली नाही, नोफेलमुळे सर्व्हर तरीही उठला, तर तो फोल्डर जागेवर असतो, नुसता रिकामा. फोटो चढवणारा प्रोग्रॅम, डेटाबेस किंवा बुकिंगची प्रणाली यांना काही कळत नाही. ते निमूट त्या रिकाम्या फोल्डरात लिहू लागतात, म्हणजे 8 जीबीच्या मूळ डिस्कवर. काही दिवसांनी ती भरते आणि सर्व्हर बसतो. त्याहून वाईट म्हणजे मध्येच कुणीतरी डिस्क पुन्हा माउंट करतो. डिस्क त्या फोल्डरवर बसताच त्या दिवसांत लिहिलेले सगळे तिच्याखाली झाकले जाते. फायली नष्ट झालेल्या नसतात, पण कुणालाच दिसत नाहीत. पतसंस्थेत असे झाले तर चार दिवसांच्या पावत्या गेल्या असेच सगळे समजतात.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र करावेत. डिस्क माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला सीएच-ॲट्रने ‘बदलता न येणारा’ करून ठेवायचे, म्हणजे डिस्क नसताना तिथे लिहायला गेलेला प्रोग्रॅम लगेच तक्रार करतो. सिस्टिमडीत त्या प्रोग्रॅमच्या नोंदीत ‘हे माउंट असल्याशिवाय उठू नकोस’ ही अट घालायची. आणि रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टने सुरुवातीलाच माउंटपॉइंट या कमांडने विचारून घ्यायचे, नाहीतर ती रिकाम्या फोल्डराचा बॅकअप घेऊन चांगल्या बॅकअपवर चढवू शकते.

यूयूआयडीलाही एक मर्यादा आहे. डिस्कचा स्नॅपशॉट काढून त्यावरून दुसरी डिस्क केली तर नंबरासकट सगळे तसेच्या तसे उतरते. मूळ आणि प्रत अशा दोन्ही एकाच सर्व्हरला जोडल्या की एकाच यूयूआयडीच्या दोन डिस्का समोर उभ्या राहतात. एक्सएफएस वेगळा पर्याय दिल्याशिवाय दुसरीला माउंट करायला नकार देते. ईएक्सटी4च्या बाबतीत यूयूआयडीवरून कुठली उचलली जाईल ते सांगता येत नाही. जुनी फाइल परत मिळवण्याच्या घाईत हे नेमके होते, आणि त्या वेळी माणूस आधीच धास्तावलेला असतो. प्रत शक्यतो वेगळ्या सर्व्हरला जोडा. त्याच सर्व्हरला जोडायची वेळ आलीच तर पुन्हा कंपनीच्या क्रमांकाकडे वळा आणि प्रत केवळ वाचण्यापुरती माउंट करा.

हे सगळे हाताने लिहायची गरज आता उरलेली नाही असेही कुणी म्हणेल. क्लाउड-इनिट सर्व्हर पहिल्यांदा उठताना डिस्क तयार करते आणि नोफेल आपणहून घालते. अन्सिबलचे फाइलसिस्टिम मॉड्यूल डिस्कवर आधीच काही असेल तर सक्ती केल्याशिवाय फॉरमॅट मारत नाही. टेराफॉर्म डिस्क बनवून जोडून देते. ही साधने चांगली आहेत, आणि जिथे सर्व्हर वाढतात तिथे ती वापरावीत. पण त्यांच्यात वर सांगितलेलीच पावले आहेत, फक्त आत झाकलेली. ती न समजता साधन वापरणारा पहिल्या लाल ओळीला गोंधळतो. म्हणून पुस्तकाचा पहिला अर्धा भाग साध्या बॅश स्क्रिप्टचा आहे आणि साधने नंतर येतात. डिस्क वाढवणे, म्हणजे ग्रो-पार्ट आणि रिसाइझ-टू-एफएस, हे त्यामानाने सोपे आहे. एवढेच ध्यानात ठेवावे की ॲमेझॉनवर वाढवलेली डिस्क पुन्हा लहान करता येत नाही. सुरुवातीला थोडीच घ्यावी, लागेल तशी वाढवावी.

पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी क्लाउडचे खाते उघडू नका, त्याला कार्ड लागते आणि शिकताना बिल वाढते. घरात किंवा आयटीआयच्या लॅबमध्ये एखादा जुना लॅपटॉप असेल त्यावर लिनक्स टाका. ट्रंकेट कमांडने एक-एक जीबीच्या दोन फायली तयार करा आणि लॉस-सेटअपने त्या डिस्क म्हणून जोडा. कर्नलच्या दृष्टीने त्या डिस्कच आहेत. एकीवर फॉरमॅट मारून तिच्यात काही फोटो टाका, दुसरी कोरी ठेवा. तुमची स्क्रिप्ट आधी कोरीवर आणि मग भरलेलीवर चालवा. भरलेलीला तिने हात लावता कामा नये. दोन्ही सोडवून उलट क्रमाने जोडा, नावे बदललेली दिसतील, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवा. आधी कोरी होती तिच्यावर शंभरदा चालवा, एफएस-टॅबमध्ये ओळ एकच राहिली पाहिजे. शेवटी नोंद तशीच ठेवून डिस्क म्हणून जोडलेली फाइल दुसरीकडे हलवा आणि लॅपटॉप रीबूट करा, एकदा नोफेल घालून आणि एकदा काढून. आणीबाणीचा पडदा इथे येऊ द्या, इथे कीबोर्ड आहे. त्या पडद्यावर रूटचा पासवर्ड टाकून एफएस-टॅब उघडा, ती ओळ दुरुस्त करा आणि लॅपटॉप पुन्हा उठवा. एवढे सगळे न अडखळता झाले की पान उलटून पहिल्या प्रकरणाकडे या.